रुपया पाडणारा आणि भात मोजणारा

यंदाच्या पावसाळ्यात किहीमला आमच्या पडवीत बसून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) वाचलं. निमित्त होतं सध्या चर्चेत असलेल्या एका मताचं. चलन सरकारच निर्माण करतं, म्हणून खर्चासाठी त्याला आधी कर गोळा करावा लागत नाही. लोकांना त्या चलनाची गरज भासावी आणि जादा पैसा परत खेचता यावा, यासाठी कर असतो, असं हे मत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ते चटकन पटतं. खर्च झाला की खात्यातला आकडा वाढतो, कर भरला की घटतो.

आजीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “घरपट्टी नाही भरली तर रस्त्यावरचे दिवे कोण लावणार?” ग्रामपंचायतीपुरतं तिचं बरोबर आहे. पंचायत रुपया निर्माण करत नाही, फक्त वापरते. राज्य सरकारचंही तेच. हे मत लागू पडतं ते केंद्र सरकारला.

आंबेडकरांना हे यंत्र नीट ठाऊक होतं. १८९३ साली टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या आणि रुपयाची किंमत चांदीपासून सुटली. रुपये किती पाडायचे, हे सरकारच्या हाती आलं. केन्स यांनी १९१३च्या पुस्तकात त्यातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेची बाजू घेतली. आंबेडकरांचा आक्षेप असा, की सरकारला आवरणारं तिच्यात काहीच नाही. रुपये वाढले की भाव चढतात, मजुरी मागे राहते. स्वस्त रुपयाने निर्यातदाराला होणारा फायदा मजुराच्या ताटातून येतो. म्हणून टांकसाळ सरकारलाही बंद करा, असं ते म्हणतात. नव्या मताचे लोकही महागाईची मर्यादा मान्य करतात, पण ती ऐनवेळी कर वाढवून सांभाळता येईल असा त्यांचा भरवसा आहे. आंबेडकरांना तो नव्हता. मलाही वाटत नाही.

तरीही पुस्तकात एक उणीव जाणवते. त्यात सरकार आहे, व्यापारी आहे, मजूर आहे, खोत नाही. आमच्या अलिबाग तालुक्यात खोत सरकारला सारा भरायचा तो रुपयांत, आणि कुळाकडून खंड घ्यायचा तो भातात. कर खोताच्या नावावर, ओझं कुळाच्या खळ्यावर. १९३३ साली चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली जमीन कसायचं नाकारलं. संप १९३९पर्यंत चालला. दरम्यान १९३७ साली आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. मला ते या पुस्तकाचं राहून गेलेलं प्रकरण वाटतं.

सरकार पैसा निर्माण करू शकतं, हे खरंच आहे. पण तो आधी कुणाच्या हाती पडतो आणि कर शेवटी कुणाच्या खळ्यावरून उचलला जातो, हे खात्यातल्या आकड्यांत दिसत नाही. ते पाहायला चरीपर्यंत जावं लागतं.