गोष्ट कुणाकडे मागायची?

‘ही जमीन तुमची असेल, तर तुमच्या गोष्टी कुठे आहेत?’

हे वाक्य मला आधी इन्स्टाग्रामवर भेटलं. मागे धुक्यातला डोंगर, त्यावर पांढरी अक्षरं. आवडलं म्हणून मीही स्टोरीवर टाकलं. कोण कुणाला म्हणालं, याचा विचार केला नाही. आदिवासींना कुणीतरी प्रेमाने विचारतंय, ‘सांगा की तुमच्या गोष्टी’, असंच काहीसं मनात होतं.

नंतर पुस्तक हाती लागलं आणि कळलं, मी ते साफ उलटं वाचलं होतं.

पुस्तक आहे जे. एडवर्ड चेंबरलिन या कॅनडियन प्राध्यापकाचं, 2003 सालचं. त्याचं नावच हा प्रश्न आहे. प्रसंग कॅनडाच्या पश्चिम टोकाचा, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला. सरकारी माणसं गित्क्सान लोकांना सांगत होती, की ही जमीन सरकारची आहे. तेव्हा एका वृद्धाने त्यांना हा प्रश्न विचारला आणि मग आपली गोष्ट गित्क्सान भाषेत सांगायला सुरुवात केली. म्हणजे प्रश्न आदिवासींना नव्हता. तो आदिवासीने सरकारला विचारला होता.

चेंबरलिन यांचं म्हणणं असं, की जमिनीवरून होणारी भांडणं मुळात गोष्टींची भांडणं असतात. राष्ट्रगीत, झेंडा, सीमारेषा या आपल्याही गोष्टीच. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो, म्हणून त्या खऱ्या. हे एकदा मान्य केलं, तर दुसऱ्याच्या गोष्टीला ‘दंतकथा’ म्हणून हसता येत नाही. पुस्तक गोऱ्या काउबॉइजपासून जमैकातल्या रास्ताफारींपर्यंत फिरतं. मी ते तीन रात्रींत संपवलं आणि मैत्रिणीलाही दिलं.

तरीही माझी एक तक्रार आहे. ‘सगळ्यांकडेच गोष्टी असतात’ म्हणत पुस्तक समेटाकडे जातं आणि त्या वाटेत वृद्धाच्या प्रश्नाची धार जाते. ती धार काय होती, हे त्याच लोकांच्या खटल्यात दिसतं.

गित्क्सान आणि शेजारचे वेत्सुवेटेन यांच्या प्रमुखांनी 1984 मध्ये दावा दाखल केला. जमीन सुमारे 58,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एकपंचमांश. ‘डेलगामूक’ नावाने ओळखला जाणारा हा खटला 1987 मध्ये उभा राहिला आणि 374 दिवस चालला. त्यात मेरी जॉन्सन या गित्क्सान आजी साक्षीला आल्या. त्यांच्या कुळाच्या इतिहासात एक शोकगीत होतं, ते त्यांना गायचं होतं. न्यायाधीश ॲलन मॅकइकर्न अस्वस्थ झाले. लिहून दिलं तर चालणार नाही का, असं त्यांनी विचारलं. आपल्याला गाण्याचा कान नाही, त्यामुळे गाऊन उपयोग नाही, असंही ते म्हणाले. आजी तरीही गायल्या.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी हळवा करून सांगितला जातो. बिचारी आजी, अरसिक न्यायाधीश. पण रसिकतेचा इथे संबंधच नाही. आजी कार्यक्रम करत नव्हत्या, कागदपत्रं दाखल करत होत्या.

गित्क्सान ज्याला ‘अदाओक’ म्हणतात, त्याला आपण ‘गोष्ट’ म्हणतो ते केवळ शब्द नाही म्हणून. अदाओक एका कुळाची मालमत्ता असते. ती कुणी सांगायची याचे नियम असतात. ती मोठ्या भोजात, इतर कुळांच्या देखत सांगितली जाते. आलेले पाहुणे साक्षीदार असतात आणि त्या साक्षीबद्दल त्यांना भेटी दिल्या जातात. पुढे कुणी हद्द सरकवली, तर ‘आम्ही तेव्हा हजर होतो’ म्हणणारी माणसं असतात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एकाच नोंदीच्या अनेकांकडे प्रती ठेवायच्या, म्हणजे एकाला गुपचूप फेरफार करता येत नाही, हे आम्ही नवीन शोध असल्यासारखं शिकतो.

आता हे पाहा. भोजाचे हे समारंभ कॅनडा सरकारने 1885 पासून 1951 पर्यंत कायद्याने बंद ठेवले होते. 1927 ते 1951 या काळात जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करून वकील लावणंही गुन्हा होता. म्हणजे आधी नोंदणी कार्यालयाला कुलूप लावायचं, वकील बंद करायचे आणि मग विचारायचं, कागद कुठे आहेत?

दावेदारांनी विज्ञानाचाही आधार दिला. एका अदाओकमध्ये सीली तलावातून निघालेलं प्रचंड अस्वल दरीत विध्वंस करत येतं. भूशास्त्रज्ञांना तिथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी दरड कोसळून राडारोडा वाहिल्याच्या खुणा सापडल्या. न्यायाधीशांचं समाधान झालं नाही. 1991 च्या निकालात त्यांनी दावा फेटाळला. या लोकांकडे लिपी नव्हती, चाकाची वाहनं नव्हती, हेही निकालात नोंदवलं.

आणि सरकारची गोष्ट? 11 डिसेंबर 1997 ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. मौखिक इतिहासाला लेखी पुराव्याच्या बरोबरीने वजन द्या, असं सांगितलं. निकाल ऐतिहासिक होता, यात शंका नाही. पण त्याच निकालात 1846 हे साल आहे. त्या साली ब्रिटिश सत्तेचं सार्वभौमत्व या प्रदेशावर प्रस्थापित झालं, असं धरलं गेलं. आदिवासींनी सिद्ध करायचं, की त्या सालाआधी आपण इथे होतो. ब्रिटन आणि अमेरिकेने दूर कुठेतरी नकाशावर रेघ ओढली, तिला मात्र साक्षीदार लागले नाहीत. वृद्धाचा प्रश्न नेमका इथे होता आणि तो अनुत्तरितच राहिला. चेंबरलिन यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा ज्याने उत्तर द्यायचं तोच गर्दीत मिसळून गेला.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी शेतकऱ्यांसाठीच्या एका ॲपवर काम करत होते. जमिनीच्या रकान्यात गट नंबर सक्तीचा होता. एक दिवस तक्रार आली: ‘गट नंबर नाही, वनहक्काचा दावा केलाय, शेताला करवंदीचं म्हणतात.’ रकाना लाल करणारी ओळ मीच लिहिली होती. मी ‘चुकीची माहिती’ असा शेरा मारला आणि तक्रार बंद केली. दोन मिनिटांचं काम. माझ्या आजीच्या तोंडीही शेतांची नावंच होती, चिंचेचं, माळाचं. फरक इतकाच, की आमच्या चिंचेच्या शेताला सातबारा आहे.

आपल्या 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे. दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, फक्त तो लिहून घेतलेला हवा. तरतूद चांगली आहे, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांना 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क याच कायद्याने मिळाले. पण 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून बाहेर काढा, असा आदेश दिला. दोन आठवड्यांत त्याला स्थगिती मिळाली. तेवढ्या दिवसांत सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती होती, यांच्याकडे पुरावा आहे का? वनखात्याकडे जंगल कसं आलं, त्याचा पुरावा चर्चेत फारसा आलाच नाही.

डेलगामूकचा शेवटही सांगायला हवा. 1997 मध्ये जमीन मिळाली नाही. नव्याने खटला चालवा असं न्यायालयाने सांगितलं, तो चाललाच नाही. कॅनडात आदिवासींची मालकी पहिल्यांदा जाहीर झाली ती 2014 मध्ये, त्सिल्कोतीन या दुसऱ्या लोकांच्या खटल्यात. आणि 2020 मध्ये वेत्सुवेटेन प्रदेशातून गॅसची पाइपलाइन नेण्यासाठी पोलीस आले. प्रमुखांचा नकार होता. पाइपलाइन झाली. गोष्ट ऐकून घेतली गेली, एवढंच.

पुस्तक जरूर वाचा. शीर्षकाचा स्क्रीनशॉटही टाका, पण प्रश्न कुणाला विचारलेला आहे, ते खाली लिहा. मी माझी जुनी स्टोरी हायलाइट्समधून काढली नाही. तिच्या खाली ‘सरकारास’ असं लिहिलंय. माझ्या त्या लाल रकान्यालाही ते लागू आहे, हे फक्त मला माहीत होतं. आता तुम्हालाही.