‘अँथम’मधील रसभंग

एखादें नाटक रंगभूमीवर पडलें, तरी त्याची संहिता मागें राहते. पुढें एखाद्या समंजस दिग्दर्शकाच्या हातीं ती आली, तर त्याच नाटकाचे गुण लोकांस नव्यानें दिसूं शकतात. इंटरनेटच्या आधारावांचून जे खेळ चालतच नाहींत, त्यांच्या नशिबीं ही सवलत नाहीं. खेळाचे सर्व्हर बंद झाले, कीं विकत घेतलेली तबकडी कपाटांत असूनहि खेळ संपतो. ‘अँथम’ या खेळाची गत अशीच झाली. २२ फेब्रुवारी २०१९ रोजीं तो मोठ्या गाजावाजानें प्रसिद्ध झाला, २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं त्याच्या पुनर्रचनेचें काम सोडून दिल्याचें जाहीर झालें, आणि १२ जानेवारी २०२६ रोजीं त्याचे सर्व्हर बंद पडले. जो खेळ आतां कोणासहि खेळतां येणार नाहीं, त्याचें परीक्षण करण्यांत काय हंशील, असें कित्येक वाचक विचारतील. परंतु ज्या कृतीकडे पुन्हां वळून पाहण्याची सोय उरली नाहीं, तिच्या गुणदोषांची नोंद टीकाकारानें न केली, तर ती कोठेंच राहणार नाहीं. आणि ‘अँथम’चे दोष असे आहेत, कीं त्यांपासून कोणत्याहि कलावंतास कांहीं शिकतां यावें.

खेळ बनविणारी बायोवेअर ही संस्था कॅनडांतील एडमंटन शहरीं १९९५ मध्यें स्थापन झाली. ‘मास इफेक्ट’ व ‘ड्रॅगन एज’ या कथाप्रधान खेळांनीं तिला कीर्ति मिळवून दिली होती, आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारखा धनाढ्य प्रकाशक तिच्या पाठीशीं होता. ‘अँथम’ची कल्पनाहि मोहक होती. शेपर नांवाच्या कोणा अज्ञात विधात्यांनीं एक जग घडवावयास घेतलें आणि तें अर्धवट टाकून ते निघून गेले. त्यांचीं प्रचंड यंत्रें मात्र मागें राहिलीं. एका आदिसंगीताच्या शक्तीनें तीं अधूनमधून जागीं होतात आणि भोंवतालची सृष्टि उलथीपालथी करून टाकतात. मनुष्यें तटबंदीच्या आड जीव मुठींत धरून राहतात. तटाबाहेर जाण्याचें धाडस करणारे वीर जॅव्हलिन नांवाचें यांत्रिक चिलखत घालतात, आणि हें चिलखत त्यांस आकाशांत उडवूं शकतें. चिलखताचे प्रकार चार, आणि एका वेळीं मोहिमेवर जाणारे सोबतीहि अधिकांत अधिक चार.

या खेळांतील उड्डाणाची स्तुति करावी तितकी थोडी आहे. कड्याच्या टोंकावरून खालीं झेंप घ्यावी, दरींत पडतां पडतां यंत्र पेटवावें, आणि वेलींनीं वेढलेल्या कमानींखालून सुसाट निघून जावें, हा अनुभव ज्यांनीं घेतला त्यांस तो सहसा विसरतां येत नाहीं. उडतांना यंत्र तापतें आणि अति तापलें कीं उडणारा खालीं येतो. परंतु धबधब्यांतून गेलें किंवा पाण्याला लगटून उडालें, कीं तें निवतें. या एका साध्या युक्तीनें त्या जगांतील प्रत्येक ओढ्याला व प्रपाताला अर्थ आला. डोळ्यांस सुंदर दिसणारी वस्तु खेळणाऱ्याच्या उपयोगीहि पडली. रचनाकारांस आपल्या कलेचें मर्म ठाऊक होतें, हें येथें स्पष्ट दिसतें. आणि म्हणूनच पुढें जें झालें त्याचें वाईट वाटतें.

अकराव्या शतकांत काश्मिरांतील क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथांत औचित्याला रसाचें जीवित मानलें. काव्याचीं अंगें स्वतंत्रपणें सुंदर असलीं, तरी तीं एकमेकांस आणि मुख्य रसास शोभत नसतील, तर काव्य निर्जीव होतें, असा त्याच्या विचाराचा आशय आहे. खेळालाहि हाच नियम लागू पडतो. ‘अँथम’चा मुख्य रस उड्डाणांतून उत्पन्न होणाऱ्या अद्भुताचा. मग त्याच्या इतर अंगांनीं त्या रसाला काय साहाय्य केलें, हा प्रश्न विचारला पाहिजे. आमचें उत्तर असें, कीं जवळजवळ प्रत्येक अंगानें त्याच्या वाटेंत अडथळा घातला.

फोर्ट टार्सिस या तटबंदीच्या गांवापासूनच पाहूं. बाहेर विजेप्रमाणें संचार करणारा वीर गांवांत आला, कीं चिलखत उतरवून रेंगाळत चालूं लागतो. या पात्राकडून त्या पात्राकडे असें त्याला मंद पावलांनीं हिंडावें लागे, आणि बाहेर पडावयाचें म्हणजे लोडिंगच्या पडद्यासमोर तिष्ठत बसावें लागे. गांव आणि रान यांत विरोध असावा, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु विरोधानें रस वाढावा, कंटाळा वाढूं नये. बायोवेअरचे लेखक पात्रें रंगविण्यांत निष्णात. तरी येथें त्यांचीं पात्रें उड्डाणाची वाट अडवून बोलत बसलेलीं वाटतात. बरें, रानांत तरी मोकळीक असावी! सोबत्यांपासून थोडें मागें राहिलें, कीं पडद्यावर इशारा येई. इशारा न मानल्यास खेळ त्या मागें राहिलेल्यास उचलून सोबत्यांजवळ नेऊन टाकी, आणि तेंहि पुन्हां लोडिंग दाखवून. एवढें सुंदर रान उभारावयाचें आणि तें पाहत थबकणाऱ्यास मानगुटीस धरून ओढावयाचें, हा कोणता न्याय?

मोहिमांतील कामें पाहिलीं, तर विसंगति अधिकच ठळक होते. एका जागीं आंखलेल्या वर्तुळांत मापक भरेपर्यंत उभें राहणें, विखुरलेल्या वस्तु वेंचून एका यंत्रापाशीं आणून ठेवणें, संकेताच्या मागें जाऊन कांहीं शोधणें, आणि प्रत्येक ठिकाणीं चालून येणाऱ्या शत्रूंचा फडशा पाडणें, हींच कामें नांवें बदलून पुनःपुन्हां समोर येतात. ज्याला पंख दिले त्यालाच वर्तुळांत उभें केलें! उड्डाण हें केवळ एका लढाईकडून दुसरीकडे जाण्याचें वाहन होऊन बसलें. तें काढून त्या जागीं घोडा किंवा मोटार ठेवली, तरी बहुतेक मोहिमांत फारसा फरक पडला नसता. लढाईंत गुण नव्हते असें नाहीं. एकानें शत्रूस गोठवावें किंवा पेटवावें आणि दुसऱ्यानें दुसऱ्या अस्त्रानें त्याचा स्फोट करावा, ही जोडीची योजना खरोखर चतुर होती; चौघांचें सहकार्य तिच्यामुळें सार्थ होई. परंतु वरच्या पायरीवर कठिणपणा वाढवितांना रचनाकारांनीं मुख्यत्वें शत्रूंची सहनशक्ति आणि त्यांच्या प्रहारांचा जोर वाढविला. शत्रू अधिक शहाणा झाला नाहीं. तो केवळ उशीरां मरूं लागला. अशा कठिणपणानें खेळणाऱ्याची बुद्धि जागी होत नाहीं, त्याचा हात तेवढा दुखतो.

असल्या खेळांत श्रमाचें फळ म्हणून नवीं शस्त्रें मिळतात आणि त्यांच्या आशेनें खेळणारा तींच कामें पुन्हां करितो. या योजनेस आमचा तात्त्विक विरोध नाहीं. पेरणीनंतर पिकाची वाट पाहण्यांतहि एक आनंद असतो. पण पीक दिसलें पाहिजे. ‘अँथम’ प्रसिद्ध झाला तेव्हां मिळालेली वस्तु नक्की काय आहे, हें मोहीम संपल्यावरच कळे, आणि ती धारण करावयाची तर मोहिमेबाहेर कार्यशाळेंत जावें लागे. म्हणजे पराक्रम एका जागीं, त्याचें फळ दुसऱ्या जागीं, आणि त्याचा उपयोग तिसऱ्या वेळीं. त्यांतहि मार्च २०१९ मध्यें खेळणाऱ्यांनींच प्रयोग करून असें दाखविलें, कीं आरंभीं मिळणारी पहिल्या पायरीची साधी बंदूक कांहीं प्रसंगीं फार वरच्या दर्जाच्या शस्त्रांहून जास्त इजा करिते. हिशेबांतील हा दोष कर्त्यांनींहि मान्य केला. शेंकडों घटका खपून ज्यानें मोठमोठे आंकडे मिळविले, त्याला ते आंकडे पोकळ आहेत असें कळल्यावर काय वाटलें असेल! पुस्तकांतील छपाईची चूक वाचक सोसतो. परंतु ज्या खेळाचें सारें आमिष आंकड्यांत आहे, त्याचे आंकडेच खोटे निघाले, तर खेळणाऱ्याचा विश्वास पार उडतो.

कथेवरहि असाच आघात झाला. कथानक रंगांत येत असतां नायकास प्राचीन योद्ध्यांच्या चार समाधि उघडण्याचें काम मिळतें. प्रसंग गंभीर आहे. परंतु समाधीचें दार उघडण्यासाठीं खजिन्याच्या पेट्या धुंडाळणें, पडलेल्या सोबत्यांस उठविणें, ठराविक रीतीनें ठराविक शत्रू मारणें, अशी एक याद्यांची भेंडोळी त्याच्या हातीं दिली जाते. ती पुरी होईपर्यंत कथा जागच्या जागीं थांबते. कीर्तनकारानें आख्यान ऐन रंगांत आणावें आणि मध्येंच श्रोत्यांस मंडपाच्या खुंट्या मोजून यावयास सांगावें, तसला हा प्रकार आहे.

कित्येक जण म्हणतील, कीं हे सर्व घाईचे दोष होत. आणखी एक वर्ष मिळालें असतें तर खेळ सुधारला असता. एप्रिल २०१९ मध्यें ‘कोटाकू’ या नियतकालिकानें खेळाच्या जन्माची जी हकीकत प्रसिद्ध केली, ती वाचली म्हणजे हें समर्थन अपुरें वाटतें. जवळजवळ सात वर्षें खेळाचा विचार चालला होता. परंतु प्रत्यक्ष बांधणी बहुतांशीं शेवटच्या एक-दीड वर्षांत झाली. त्याहून बोलकी गोष्ट अशी, कीं उड्डाण या काळांत अनेकदां घातलें गेलें आणि अनेकदां काढलें गेलें. जें खेळाचें हृदय, तें ठेवावयाचें कीं नाहीं हेंच ठरत नव्हतें! मग मोहिमा, बक्षिसें आणि कथा उड्डाणास अनुरूप कशा व्हाव्यात? उणीव कारागिरीची नव्हती. ती निश्चयाची होती. तुलनेसाठीं कॅनडांतच तयार झालेला ‘वॉरफ्रेम’ पाहावा. २०१३ मध्यें तो प्रसिद्ध झाला तेव्हां अगदीं तुटपुंजा होता, आणि तींच तींच कामें करण्याचा दोष त्याच्यांतहि आहे. परंतु २०१५ मध्यें त्याच्या कर्त्यांनीं धांवणें, उडी मारणें व घसरणें यांची रीत मुळापासून सुधारली, आणि ती चपळाई जवळजवळ प्रत्येक कामांत उपयोगी पडेल अशी ठेविली. तेथें पुनरावृत्ति सुसह्य होते, कारण पुन्हां करावयाचें काम मुळांतच आनंदाचें आहे.

‘अँथम’च्या कर्त्यांसहि आपली चूक उमगली होती. फेब्रुवारी २०२० मध्यें खेळाचा मूळ सांचाच बदलण्याचा संकल्प त्यांनीं जाहीर केला. तो पुढील वर्षीं सोडून द्यावा लागला. कित्येक वर्षांचे श्रम, शेंकडों कारागिरांचें कसब आणि असंख्य तरुणांच्या संध्याकाळी यांचा शेवट एका तारखेंत झाला. आपल्याहि घरांतील मुलें असले खेळ खेळत असतात, आणि वडील मंडळी ‘वेळ फुकट जातो’ एवढें बोलून मोकळी होतात. वेळ गेल्याचा राग आम्हांसहि येतो. परंतु खेळांत गेलेला सर्वच वेळ सारखा नसतो. धबधब्यांतून झेंपावतांना गेलेली घटका आणि पोकळ आंकड्यांसाठीं वर्तुळांत उभें राहून काढलेली घटका यांत मोठें अंतर आहे. तें अंतर मुलांस ओळखतां यावें, एवढी रसिकता त्यांच्या अंगीं बाणविणें हें रागावण्याहून अधिक उपयोगी आहे. ‘अँथम’नें या दोन्ही घटका एकाच खेळांत शेजारीं शेजारीं ठेविल्या होत्या, पहिलीची आठवण खेळणाऱ्यांजवळ अजून आहे, आणि दुसरीनें तो खेळ बुडविला.