बोटाखालचा शब्दकोश इंग्रजीच का बोलतो?

शिरूर किंवा दौंडच्या मराठी शाळेतून आलेलं पोरगं पुण्यात जपानी शिकायला लागलं, की पहिला सल्ला मिळतो: आधी इंग्रजी सुधार. मला हा सल्ला पटत नाही. आणि तो फक्त माणसं देत नाहीत, सॉफ्टवेअरही देतं.

'योमितान' घ्या. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये चालतं, फुकट आहे. जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपतो हेच नवख्याला कळत नाही. योमितान बोट ठेवलं तिथून पुढची अक्षरं घेतं, लांबात लांब जुळणी शोधतं, क्रियापदाचे प्रत्यय सोलून मूळ रूप काढतं आणि अर्थाची चौकट उघडतं. इंजिनिअर म्हणून मला हे काम फार आवडतं. 'आओझोरा बुन्को' या संकेतस्थळावर 1997पासून कॉपीराइट संपलेली पुस्तकं मोफत मिळतात. तिथलं सोसेकीचं 1906 सालचं 'बोच्चान' यामुळे निदान उघडून बघायची हिंमत होते.

खोट आहे ती चौकटीतल्या मजकुरात. त्यामागे बहुधा 'जेएमडिक्ट' असतो. जिम ब्रीन यांनी ऑस्ट्रेलियात 1991मध्ये सुरू केलेल्या 'ईडिक्ट'मधून तो वाढला. अर्थ इंग्रजीत, शिवाय जर्मन, फ्रेंच, रशियन, डच, अगदी हंगेरियनमध्येही. मराठी नाही.

आता गंमत बघा. 'ताबेते मिरु'. 'ताबेते' म्हणजे खाऊन, 'मिरु' म्हणजे बघणे. खाऊन बघणे! इंग्रजी अर्थ सांगतो 'ट्राय', आणि त्यातलं बघणं गायब. 'शिते ओकु' म्हणजे करून ठेवणे. इंग्रजीत त्याचं 'आधीच करणे' होतं. 'वासुरेते शिमात्ता' म्हणजे विसरून गेलो. या 'शिमाऊ'चे इंग्रजीत दोन वेगळे अर्थ देतात: पूर्ण करणे, आणि नकळत करणे. एकाच क्रियापदात हे दोन्ही कसे, यावर विद्यार्थी डोकं खाजवतो. मराठीत 'खाऊन टाकलं' आणि 'भलतंच बोलून बसलो' रोज म्हणणाऱ्याला ते समजावावं लागत नाही. वाक्यरचनेचंही तसंच. 'किनो किता हितो' म्हणजे काल आलेला माणूस, शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. इंग्रजीतून गेलात की वाक्य आधी उलटं करा, मग परत सुलटं. शिरूरहून पुण्याला व्हाया मुंबई.

मराठी फसवतेही. 'शिते आगेरु' म्हणजे करून देणे, पण सरांना तसं म्हटलं तर उपकार केल्यासारखं वाटतं. आपण 'देतो करून, सर' बिनदिक्कत म्हणतो. शिवाय आपलं एक 'देणे' तिथे दोन होतं: मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु'. म्हणजे मराठी अर्थ नुसते भाषांतर करून चालणार नाहीत, कुणीतरी बसून लिहायला हवेत. इंग्रजी अर्थ मशीनने मराठीत ओतले, तर 'मिरु'चं 'प्रयत्न करणे' होईल आणि आपण होतो तिथेच.

योमितानला आपला शब्दकोश जोडता येतो. एक झिप फाइल, आत जेसन. सगळी भाषा नको, ही सात-आठ जोडक्रियापदं आधी पुरेत. पहिली नोंद मी अशी लिहीन:

शिमाऊ: (क्रियापदाला जोडून) टाकणे, जाणे, पस्तावा असेल तर 'बसणे'.