तोच हिशेब, पुन्हा वाचताना

खो-खोचा सामना जादा डावातही बरोबरीत राहिला की लघुत्तम आक्रमण देतात. पहिला गडी टिपायला कुठल्या संघाला कमी वेळ लागला ते घड्याळावर पाहायचं आणि निकाल लावायचा. मैदान समोर असतं, पोरं अजून धापा टाकत उभी असतात, म्हणून हे जमतं. फँटसी बेसबॉलच्या लीगमध्ये बरोबरी झाली तर धावायला कुणी शिल्लकच नसतं. हंगाम संपलेला असतो. ज्यांच्या आकड्यांवर आपण सहा महिने मालकी गाजवली ते खरे फलंदाज आणि पिचर घरी गेलेले असतात, आणि आपल्या लीगशी त्यांचं देणंघेणं कधी नव्हतंच. उरतो हिशेबाचा कागद. निकाल काढायचा तो त्यातूनच, तोच मजकूर पुन्हा वाचून.

अशा पुनर्वाचनाचा मला माहीत असलेला सर्वांत देखणा नमुना रोटिसरी लीगच्या नियमावलीत आहे. 1980 साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या संपादक-लेखकाने मित्रमंडळींना घेऊन ही लीग सुरू केली. मंडळी जेवायला जमत त्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या रेस्टॉरंटचं नाव खेळाला चिकटलं. पुढे रूढ झालेला हिशेब असा: प्रत्येक ‘मालका’कडे 260 डॉलर, त्यात लिलावातून 23 खरे खेळाडू घ्यायचे. ते प्रत्यक्ष सामन्यांत जे करतील ते तुमच्या खात्यावर. मोजायच्या बाबी सुरुवातीला आठ. चार फलंदाजीच्या: सरासरी, होमरन, सहकाऱ्यांना घरी आणून मिळवलेल्या धावा, चोरलेले बेस. चार पिचरच्या: विजय, सेव्ह, दर नऊ इनिंगला दिलेल्या धावांचं प्रमाण, आणि दर इनिंगला किती जणांना फटक्याने वा वॉकने बेसवर जाऊ दिलं ते. हे शेवटचं प्रमाण ओक्रेंटच्याच डोक्यातून आलं. आज ते ‘व्हिप’ या नावाने टीव्हीच्या पडद्यावर झळकतं. संघांची नावं मालकांच्या आडनावांवर कोट्या करून ठेवलेली. ओक्रेंटचा संघ ‘ओक्रेंट फेनोकीज’. ओकेफेनोकी ही अमेरिकेतली एक प्रसिद्ध दलदल. नाव सार्थ ठरलं म्हणायचं, कारण खेळ ज्याने काढला त्याला स्वतःच्या लीगचं विजेतेपद कधीच मिळालं नाही.

आता बरोबरी. ती इथे दोन मजल्यांवर होते, आणि दोन्हीकडची रीत वेगळी आहे. खालचा मजला एकेका बाबीचा. दहा संघ धरले तर होमरनमध्ये पहिल्याला 10 गुण, शेवटच्याला 1. समजा, पहिल्या दोघांचे होमरन सारखेच भरले. मग दहा आणि नऊ मिळून एकोणीस, प्रत्येकी साडेनऊ. पाचव्या, सहाव्या, सातव्या जागेवर तिघे अडकले तर सहा, पाच, चार मिळून पंधरा, वाटणीला प्रत्येकी पाच. घरातली उरलेली पोळी वाटावी तशी ही वाटणी. हिचं सौंदर्य ज्यांचा बरोबरीशी संबंध नाही त्यांच्याकडून पाहावं. एका बाबीतल्या गुणांची बेरीज 55 असते, वाटणीनंतरही 55 च राहते. आठ बाबींचे मिळून 440, हंगामभर तेवढेच. दोघांनाही वरचे दहा-दहा देऊन टाकले असते तर ते दिलदार दिसलं असतं, पण जादाचा एक गुण आला कुठून, हे आठव्या क्रमांकाच्या मालकाने विचारलं असतं. आणि विचारायलाच हवं होतं.

अर्धे गुण बहुतेक मोजणीच्या बाबींत जन्मतात, हेही लक्षात घ्यावं. विजय, सेव्ह, चोरलेले बेस या पूर्णांकांच्या गर्दीत धक्का लागतोच. सरासरीत टक्कर विरळा. तिथे दशांशस्थळं हवी तितकी उघडता येतात. 1949 साली खऱ्या बेसबॉलमध्ये अमेरिकन लीगचा फलंदाजीचा किताब असाच ठरला. डेट्रॉइटचा जॉर्ज केल 522 ॲट-बॅटमध्ये, म्हणजे फलंदाजीच्या तितक्या प्रसंगांत, 179 हिट, बॉस्टनचा टेड विल्यम्स 566 मध्ये 194. तीन दशांशांपर्यंत दोघेही .343. चौथं स्थळ उघडलं तेव्हा केल .3429, विल्यम्स .3428. होमरन आणि धावांच्या यादीत विल्यम्सला मागे टाकणारा कुणी नव्हता. सरासरीही मिळती तर तिसऱ्यांदा ट्रिपल क्राउन त्याच्या डोक्यावर असता. फक्त भागाकार आणखी एक पायरी पुढे नेला, एवढंच घडलं.

वरच्या मजल्यावर, म्हणजे एकूण गुणांत दोघे बरोबरीत आले, की नियमावलीचा सूर बदलतो. इथे अर्धं चालत नाही. कारणही रांगडं आहे: विजेत्याच्या डोक्यावर ‘यू-हू’ नावाचं चॉकलेटचं पेय ओतायची या लीगची रीत. ओतायचं तर डोकं एकच हवं. मग नियम सांगतो, दोघांना आठही बाबींत समोरासमोर उभे करा, ज्या बाबीत जो वरचढ त्याला एक गुण द्या, आणि ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

ही ओळ साधी वाटते, पण तिने किती मोठी गोष्ट पुसली ते पाहण्यासारखं आहे. समजा, एक मालक पाच बाबींत दुसऱ्याच्या एकेक जागा पुढे आहे. दुसरा तीनच बाबींत पुढे, पण सरासरीत आणि चोरीत दोन-दोन जागांनी, तिसरीत एकीने. पाच आणि पाच, हिशेब बरोबर. समोरासमोरच्या मोजणीत मात्र पहिला 5–3 ने जिंकतो. दुसरा म्हणेल, माझी आघाडी मोठी होती, तिचं काय? पण मोठी म्हणजे काय? चोरीत दोन जागांचं अंतर पडलं कारण दोघांच्या मधे कुणीतरी तिसरा येऊन बसला. त्या तिसऱ्याने एक वेगवान पळणारा घेतला नसता, तर अंतर एकाच जागेचं राहिलं असतं. पहिल्या वाचनात दहाही संघ एकमेकांच्या वाक्यात विरामचिन्हांसारखे घुसलेले असतात. दुसऱ्या वाचनात नियम शेजाऱ्यांना अंगणाबाहेर काढतो आणि दोन घरांचं भांडण दोन घरांतच ठेवतो. मला हे न्याय्य वाटतं. पण एकाच बाबीत जीव ओतणाऱ्या हौशी मालकाला यात काही मिळत नाही, आणि अशा मालकांशिवाय लीगला चव नसते, हेही खरं.

खऱ्या बेसबॉलने हल्ली हीच वाट धरली. पूर्वी हंगामाअखेर दोन संघ बरोबरीत आले की मैदानावर उतरत. 1951 मध्ये न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स तीन सामन्यांची मालिका खेळले आणि बॉबी थॉमसनने शेवटच्या डावात होमरन मारून ती संपवली. 1978 मध्ये बॉस्टनला एकाच सामन्यात यांकीजच्या बकी डेंटने सातव्या डावात होमरन मारून पारडं फिरवलं. या जादा सामन्यांचे आकडे नियमित हंगामातच धरले जात, त्यामुळे खरी बरोबरी सोडवताना मारलेला एखादा फटका कुणाच्या तरी फँटसीतली बरोबरीही सोडवू शकत असे. 2022 पासून हा जादा, म्हणजे 163 वा, सामना बंद झाला. त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्ह्ज आणि न्यूयॉर्क मेट्स दोघेही 101 विजयांवर थांबले, आणि एकमेकांतल्या 19 सामन्यांत अटलांटाचे 10 म्हणून विभाग अटलांटाचा. खेळाडू मैदानात असूनही निकाल वहीतून निघाला. फँटसीवाल्यांनी नाइलाजाने स्वीकारलेली रीत खऱ्या खेळाने राजीखुशीने उचलली. थॉमसन आणि डेंटच्या फटक्यांना आता जागा उरली नाही, याची हळहळ मला आहे.

आजच्या पुष्कळ लीगमध्ये आठवड्याच्या जोड्या लावून खेळतात आणि बाद फेरीत बरोबरी झाली की वरच्या मानांकनाचा संघ पुढे जातो. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. एकदा दिलेलं बक्षीस तिथे दुसऱ्यांदा देतात.

रोटिसरीच्या नियमाकडेच परत येऊ, कारण खरी मजा त्याच्या शेपटात आहे. आठ बाबी म्हणजे सम संख्या, तेव्हा 4–4 व्हायचंच. त्यासाठी तिसरी पायरी: प्रत्येक संघाच्या फलंदाजांचे एकूण ॲट-बॅट घ्या, त्यात पिचरांनी टाकलेल्या इनिंगची तिप्पट मिळवा, मोठी बेरीज जिंकली. तिप्पट का? नियम कारण देत नाही. मी ते असं वाचतो की एका इनिंगमध्ये तीन जण बाद करायचे असतात. तिपटीने इनिंगचे बाद गडी होतात. म्हणजे एका बाजूला प्लेटजवळ उभं राहण्याचे प्रसंग, दुसऱ्या बाजूला तिथून माघारी धाडण्याचे प्रसंग, आणि दोन जातींचे आकडे एकाच मापाने मोजले गेले. एवढ्या मोठ्या संख्यांची बेरीज पुन्हा सारखी येणं जवळजवळ अशक्य, हा हिशेबीपणाही त्यात आहे. खोट काढायचीच तर ॲट-बॅटमध्ये वॉक धरत नाहीत, त्यामुळे संयमाने चार चेंडू सोडून बेसवर जाणारा फलंदाज इथे उपेक्षित राहतो. पण ज्या खेळाने सरासरीला मान दिला आणि वॉकला दिला नाही, त्याची ही चूक निदान सुसंगत आहे.

या पायरीवर गुणवत्तेचा शब्दच नाही. विचारलंय ते एवढंच, की तुझी माणसं किती वेळा मैदानात होती. जखमी खेळाडूला खुर्चीवर ठेवून तू झोपलास, की त्याच्या जागी कुणी साधा का होईना पण रोज खेळणारा उभा केलास? सप्टेंबरच्या अखेरीस, ज्या सामन्याला काही अर्थ उरलेला नाही अशा सामन्यात, नवव्या इनिंगला तुमचा कुणी किरकोळ फलंदाज येतो आणि तीन चेंडूंत स्ट्राइकआउट होऊन परत जातो. पहिल्या वाचनात त्याने तुमची सरासरी केसभर खाली आणली. तिसऱ्या वाचनात मात्र तुमच्या खात्यावर एक जमा झाला.