नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत एका अनुस्वाराने अर्थ फिरतो. बाळाचं नाव ठेवतात, शेजारणीला नावं ठेवतात. गोष्टीतल्या एखाद्या घासून गुळगुळीत झालेल्या युक्तीला वाचक मिळून नाव देतात, तेव्हाही या दोनपैकी काहीही होऊ शकतं. काय होईल ते बरंचसं त्या नावाच्या व्याकरणावर ठरतं, असं मला वाटतं. त्यासाठी अमेरिकी चाहत्यांमध्ये रुजलेली दोन नावं शेजारी ठेवून पाहू : ‘फ्रिजिंग’ आणि ‘मेरी सू’.

‘ग्रीन लँटर्न’ या कॉमिक्सच्या ५४व्या अंकात (१९९४) नवा नायक काइल रेनर घरी येतो आणि त्याला त्याच्या मैत्रिणीचा, अलेक्झांड्राचा, मृतदेह फ्रिजमध्ये कोंबलेला सापडतो. खलनायकाने तिला मारलेलं असतं. ती मालिकेत येऊन जेमतेम काही अंक झालेले. तिच्या मरणाने तिची गोष्ट संपली असंही म्हणता येत नाही, कारण तिला स्वतःची गोष्टच नव्हती. काइलला पेटवायला काडी हवी होती, ती मिळाली.

१९९९ साली गेल सिमोनने मित्रमंडळींच्या मदतीने एक यादी केली. सिमोन तेव्हा कॉमिक्सची लेखिका नव्हती, वाचक होती. मारल्या गेलेल्या, बलात्कार झालेल्या, शक्ती हिरावल्या गेलेल्या नायिकांची ती यादी होती आणि तिचं नाव होतं ‘विमेन इन रेफ्रिजरेटर्स’. कॉमिक्सच्या लेखक-चित्रकारांनाही तिने त्याबद्दल विचारलं. वाचकांनी हे नाव उचललं, आणि बोलता बोलता त्याचं क्रियापद झालं : तिला ‘फ्रिज केलं’.

यावर ठरलेला आक्षेप आला : पुरुष पात्रंही मरतातच की! चाहत्यांनी त्यालाही एक नाव देऊन उत्तर दिलं, ‘डेड मेन डीफ्रॉस्टिंग’. म्हणजे पुरुष मरतात, पण पुन्हा वितळून उठतात. १९८८च्या ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घालतो आणि ती व्हीलचेअरवर येते. १९९३मध्ये बेन बॅटमनचा कणा मोडतो. बॅटमन थोड्याच काळात उभा राहिला. बार्बराला पुन्हा बॅटगर्ल व्हायला २०११ उजाडलं, आणि तेव्हा तिची गोष्ट लिहीत होती तीच गेल सिमोन.

आता ‘मेरी सू’. १९७३मध्ये पॉला स्मिथने ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या एका छोट्या मासिकात विडंबन लिहिलं. साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू सगळ्यात हुशार असते आणि सगळ्यांची लाडकी असते. टोमणा हौशी लेखकांच्या एका सवयीला होता : स्वतःचं स्वप्नातलं रूप गोष्टीत घुसवायचं आणि सगळ्यांकडून त्याचं कौतुक करून घ्यायचं. पण नाव पडलं ते मुलीचं. पुढे सवय विसरली गेली आणि मुलगी उरली. कुठलीही नायिका जरा जास्त कर्तबगार दिसली की तिच्यावर हा शिक्का बसू लागला. २०१५च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या रेवर तो बसला. १९७७मध्ये शेतावरून आलेल्या ल्यूकने पहिल्याच लढाईत डेथ स्टार उडवला, तेव्हा त्याचं कौतुकच झालं होतं.

‘मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल’चंही तेच झालं. समीक्षक नेथन रेबिनने २००७मध्ये ‘एलिझाबेथटाउन’ या चित्रपटावर लिहिताना हा शब्द घडवला. उदास तरुणाला जगायला शिकवण्यापुरत्याच मुली रचणाऱ्या लेखक-दिग्दर्शकांवर त्याचा रोख होता. लोकांनी मात्र तो शब्द मुलींनाच चिकटवला. २०१४मध्ये रेबिनने शब्दाबद्दल जाहीर माफी मागितली आणि तो आता वापरू नका, असं सांगितलं.

फरक इथे आहे. नाम पात्राला चिकटतं. क्रियापदाला कर्ता लागतो. ‘ती मेरी सू आहे’ म्हटलं की वाक्य तिथेच मिटतं. ‘तिला फ्रिज केलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : कोणी? आणि उत्तर खलनायकापाशी थांबत नाही, लेखकापर्यंत जातं.

अर्थात क्रियापदही आळशीपणे वापरता येतं. ‘गजनी’मधली (२००८) कल्पना मरते आणि नायक सूड घेतो, म्हणून तिला फ्रिज केलं, असं झटकन म्हणता येईल. पण चित्रपटाचा मोठा भाग तिचा आहे. तस्करीसाठी नेल्या जाणाऱ्या मुलींना ती सोडवते आणि त्या कृतीची किंमत मोजते. तिचं मरण तिच्या गोष्टीतूनच येतं. तरीही तिने वाचवलेल्या मुलींपेक्षा नायकाच्या अंगावरचे टॅटू आपल्या जास्त लक्षात राहतात, ते का? शिक्का मारून मोकळं होण्यापेक्षा इथवर येणं महत्त्वाचं, आणि चांगलं नाव आपल्याला इथवर आणतं.

आपल्या मालिकांमधल्या कितीतरी युक्त्या अजून बारशाविना आहेत. दाराआडून अर्धंच बोलणं ऐकून महिनाभर चालणारा गैरसमज घ्या, किंवा सगळं निमूट सोसणारी सून. त्या सुनेला विनोदी नाव देणं सोपं आहे, मीम करून पुढे पाठवणं त्याहून सोपं. पण ती सोसते कारण कुणीतरी तिला रोज रात्री सोसायला लावतं. नाव द्यायचं तर त्या लावण्याला द्यावं.