कलेकलेने वाढणारे क्रियापद

वाढ सांगायला इंग्रजीत ‘इन्क्रीज’ आहे, ‘ग्रो’ आहे. पण चंद्र वाढू लागला की आजही ‘वॅक्स’च आठवते. हे मेणाचे वॅक्स नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘वेआक्सन’ म्हणजे वाढणे, आणि जर्मनमध्ये त्याचे भावंड ‘वाक्सन’ आजही मुलांच्या, झाडांच्या वाढीसाठी रोज वापरले जाते. ‘ग्रो’ तेव्हा मुख्यतः हिरवाईचे होते. ‘ग्रीन’ आणि ‘ग्रास’ त्याचेच सोयरे. पुढे ते माणसांकडे आणि जनावरांकडे वळले आणि वॅक्सची एकेक जागा घेत गेले.

१६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र वॅक्स अजून भरात आहे. तिथे मूल बलवान होते, कुणी संतापतो, कुणी लठ्ठ होतो आणि वस्त्रे जुनी होतात, ते सारे याच क्रियापदाने. मला या वस्त्रांचा प्रयोग सर्वांत सुंदर वाटतो. कापड जुने होते तेव्हा त्यात भर कसलीच पडत नाही, उलट ते विरत जाते. तरी क्रियापद वाढीचेच! एका अवस्थेतून दुसरीत हळूहळू मुरत जाणे, ही या शब्दाची खरी श्रीमंती. ‘वॅक्स लिरिकल’ या आजच्या प्रयोगात पुढे क्रियाविशेषण न येता विशेषण येते, तेही यामुळेच: बोलणारा बोलता बोलता स्वतःच काव्यमय होत जातो. चंद्राला हे क्रियापद शोभते, कारण चंद्रही मोठा होत नाही. त्याचा आपल्याला दिसणारा उजळ भाग तेवढा वाढतो.

वॅक्सचे गोत्र तर थेट आपल्या दारापर्यंत येते. लॅटिन ‘आउगेरे’, त्यातून चढत्या बोलीचे ‘ऑक्शन’ आणि सम्राट ऑगस्टसच्या नावाचा ऑगस्ट महिना; संस्कृतात वाढण्याच्या अर्थाचा ‘वक्ष्’ धातू आणि ‘ओजस्’. ‘ओजस्वी’ म्हणताना आपण याच कुळातला शब्द उच्चारतो.

जोडीदार ‘वेन’, म्हणजे क्षीण होणे, हाही परका नाही. संस्कृत ‘ऊन’ त्याचा नातलग, आणि मराठीतले ‘उणे’ त्या ऊनपासूनच आलेले. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत चंद्राला सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात; आणि एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस.