अंडरबाइट असलेल्या प्रौढांतील दातांभोवतीचे हाड : मोजमापांची चिकित्सा

एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दाढांच्या परस्परसंबंधावरून दातांच्या ठेवणीतील दोषांचे तीन वर्ग केले. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येणे, म्हणजे अंडरबाइट, हा दोष सामान्यतः तिसऱ्या वर्गात मोडतो. प्रौढांमध्ये जबड्याची वाढ पूर्ण झालेली असल्याने प्रामुख्याने दोनच मार्ग उरतात : दातांचा कल बदलून दोष झाकणे किंवा जबड्यावर शस्त्रक्रिया करणे. दोन्ही मार्गांत मुळांभोवतीच्या हाडाची जाडी निर्णायक ठरते.

हे हाड म्हणजे दात हलविण्याची मर्यादा होय, असे प्रतिपादन चेस्टर हँडलमन यांनी १९९६ मध्ये केले. त्यांचा आधार बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा होता आणि अशा चित्रात समोरचे दात एकमेकांवर पडलेले दिसतात. कोन-बीम सीटीमुळे प्रत्येक दात स्वतंत्रपणे पाहता येऊ लागला. पुढे आलेल्या जबड्याशी जुळवून घेताना खालचे पटाशीचे दात जिभेकडे कलतात आणि त्यांच्या ओठाकडील हाड अनेकदा १ मिलिमीटरहूनही पातळ असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

तथापि या मोजमापांवर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप यंत्राच्या मर्यादेचा. सीटीचे चित्र ज्या सूक्ष्म घनांचे बनते, त्यांची बाजू बहुधा ०.२ ते ०.४ मिलिमीटर असते. हाडाचा पापुद्रा जवळपास तितकाच पातळ असल्यास तो शेजारच्या छटेत मिसळून दिसेनासा होतो. अशा वेळी 'दिसत नाही' म्हणजे 'अस्तित्वात नाही' असा निष्कर्ष काढणे सदोष ठरते. कवट्यांवरील पडताळणीतही चित्रात दिसलेली काही छिद्रे प्रत्यक्षात नसल्याचे आढळले आहे.

दुसरा आक्षेप सरासरीचा. मुळाच्या टोकाशी आणि हिरडीजवळ हाडाची जाडी सारखी नसते. दोन्हींची सरासरी काढल्यास नेमकी धोक्याची जागा झाकली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी कललेले दात तारांच्या साहाय्याने पुन्हा उभे केले जातात. म्हणजेच ते ओठाकडील पातळ हाडाच्या दिशेने ढकलले जातात. तेथील हाड झिजल्यास हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडू शकते आणि गेलेले हाड आपोआप भरून येईलच, याची शाश्वती नसते.

म्हणून अशा अभ्यासांनी घनाचा आकार, मुळावरील पातळी, दाताचा कल व हिरडीची स्थिती यांची एकत्रित नोंद देणे अगत्याचे आहे. गटाची सरासरी दिशा दाखवू शकते. परंतु दात किती पुढे न्यावयाचा, हे त्या रुग्णाच्या त्या दाताभोवतीच्या हाडावरूनच ठरविले पाहिजे.